फिलच्या दिवसातली बाकीची माणसे

गाजलेल्या विनोदी चित्रपटावरून संगीत नाटक करायचे ठरते, तेव्हा निर्मात्यांचा हिशेब बहुधा सरळ असतो. कथा लोकांना ठाऊक आहे, हशाच्या जागा पाठ आहेत, नाव तोंडात बसलेले आहे. मग मध्ये मध्ये गाणी पेरली की प्रेक्षागृह भरायला अडचण पडू नये. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेल्या पंचवीस वर्षांत या हिशेबावर उभी राहिलेली नाटके पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांविषयी मला असे वाटत आले आहे की, त्यापेक्षा मूळ चित्रपटच घरी बसून पुन्हा पाहावा. 'ग्राउंडहॉग डे' या चित्रपटावरून झालेले त्याच नावाचे संगीत नाटक याला ठळक अपवाद आहे. लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात ते 2023 च्या उन्हाळ्यात पुन्हा आले, तेव्हा मी ते पाहिले आणि तेव्हापासून या नाटकाने नेमके काय साधले, हे सविस्तर लिहावे असे मनात होते.

चित्रपट 1993 चा. हेरॉल्ड रॅमिस यांचे दिग्दर्शन, कथा डॅनी रुबिन यांची, पटकथा दोघांची मिळून. बिल मरे यांनी रंगवलेला फिल कॉनर्स हा पिट्सबर्गच्या दूरचित्रवाहिनीवर हवामानाचा अंदाज सांगणारा, स्वतःवर बेहद्द खूश असलेला आणि इतरांना तुच्छ लेखणारा गृहस्थ आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी नावाच्या लहान गावात दर वर्षी 2 फेब्रुवारीला एक समारंभ होतो. ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या गुबगुबीत प्राण्याला बाहेर काढतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकणार असे मानतात. ही प्रथा खरोखरीची आहे आणि गावाजवळच्या गॉब्लर्स नॉब या टेकडीवर ती 1887 पासून चालत आली आहे. फिल तिचे वार्तांकन करायला नाखुशीने येतो, हिमवादळामुळे अडकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजर होतो तेव्हा पुन्हा 2 फेब्रुवारीच उजाडलेली असते. तिसऱ्या दिवशीही तेच. गावातल्या कोणालाही याचा पत्ता नाही. आठवण राहते ती एकट्या फिलला.

या चित्रपटाचा विनोद कशावर उभा आहे, हे पाहिले की रूपांतर करणाऱ्यापुढची अडचण लक्षात येते. तो संकलनावर उभा आहे. फिल बारमध्ये रिटाला, म्हणजे त्याच्या निर्मातीला, पेय विचारतो, तिची आवड जाणून घेतो; दृश्य तुटते आणि पुढच्या क्षणी, म्हणजे दुसऱ्या '2 फेब्रुवारी'ला, तेच पेय तो स्वतःसाठी आपली आवड म्हणून मागवत असतो. ती महाविद्यालयात फ्रेंच कविता शिकली हे ऐकून तो फिदीफिदी हसतो, पुन्हा दृश्य तुटते आणि आता तो तिला फ्रेंच कविता म्हणून दाखवत असतो. मग एकामागून एक थपडा बसतात. प्रत्येक थप्पड वेगळ्या रात्रीची, आणि दोन थपडांच्या मधला अख्खा दिवस कात्रीने उडवलेला. रंगमंचावर ही कात्री चालत नाही. तिथे माणसाला पलंगावरून उठून रस्त्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, आणि तो जाताना प्रेक्षक त्याच्याकडे पाहत असतात.

स्टीव्हन साँडहाइम यांच्यासारख्या अमेरिकन संगीत रंगभूमीवरच्या सर्वांत मोठ्या माणसालाही या कथेची ओढ वाटली होती. पण पुढे त्यांनी तो विचार सोडला, कारण त्यांच्या मते मूळ चित्रपट इतका पुरा उतरलेला आहे की त्यात सुधारणा करायला जागाच नाही. साँडहाइम यांच्या मताला नाही म्हणताना जीभ अडखळते. तरी मला वाटते, त्यांनी या चित्रपटाला विचारलेला प्रश्न वेगळा होता. सुधारणा करायची नसेलही, पण चित्रपटाने ज्यांच्याकडे पाहिलेच नाही अशी माणसे त्यात आहेत का, असे कोणी विचारले असते तर त्याचे उत्तर निश्चितच होकारार्थी आले असते. टिम मिंचिन यांच्या गीत-संगीताने आणि डॅनी रुबिन यांच्या संहितेने नेमकी हीच वाट धरली.

रुबिन यांनी स्वतः संहिता लिहिली, ही बाब मला फार मोलाची वाटते. रूपांतरात मूळ लेखक असला की तो आपल्याच वाक्यांच्या प्रेमात अडकतो असा एक समज आहे. इथे उलटे घडले. रुबिन यांच्या पहिल्या पटकथेत फिल आरंभापासूनच त्या फेऱ्यात अडकलेला होता, कारण न सांगता आणि पहिला दिवस न दाखवता. चित्रपट होताना ती रचना बदलून कथा क्रमाने सांगायचे ठरले. म्हणजे ही कथा एकाहून अधिक तऱ्हांनी सांगता येते हे त्यांना चांगले ठाऊक होते. मिंचिन हे ऑस्ट्रेलियातले विनोदी गायक-वादक, आणि दिग्दर्शक मॅथ्यू वॉर्कस यांच्याबरोबर त्यांनी 2010 मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला 'मटिल्डा' हे संगीत नाटक केले होते. वॉर्कस 2015 मध्ये ओल्ड व्हिकचे कलादिग्दर्शक झाले आणि दुसऱ्याच वर्षी, 2016 च्या उन्हाळ्यात, हे नाटक तिथे प्रथम रंगमंचावर आले.

पुनरावृत्तीचा प्रश्न त्यांनी सोडवला तो संगीत नाटकाच्या अंगभूत रीतीनेच. संगीत नाटकात एकदा ऐकलेली चाल पुन्हा येणे ही नेहमीची गोष्ट आहे. किंबहुना ती पुन्हा यावी म्हणून श्रोता वाट पाहत असतो. एकाच पदाला वन्स मोअर देऊन तेच पद नव्या हरकतींनी ऐकणाऱ्या आपल्या मराठी प्रेक्षकाला तर हे सांगायलाच नको. पहिला दिवस नाटकात सावकाश, पूर्ण घडतो: फिलची सकाळ, निवासाची मालकीण, रस्त्यावर गळ्यात पडणारा विमा एजंट नेड रायर्सन, टेकडीवरचा बँड. दुसऱ्या दिवशी तीच चाल, तीच माणसे, तेच शब्द. बदलतात ती फक्त फिलची उत्तरे. तिसऱ्या दिवशी समूहाचे गाणे जसेच्या तसे आणि त्यावर फिलचा वाढत गेलेला भेदरलेपणा. श्रोत्याच्या कानाने पहिल्या फेरीत जे ऐकले ते तिसऱ्या फेरीपर्यंत त्याच्या अंगवळणी पडलेले असते, त्यामुळे पुढे दोन सूर वाजले तरी अख्खी सकाळ डोळ्यांपुढे येते. चित्रपटात कात्रीने जे केले, ते इथे चालीने केले. याहून नेमका पर्याय मला तरी सुचत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी चित्रपटाला कधीच मिळू शकली नसती. पडद्यावर पुनरावृत्ती म्हणजे अखेर वेगवेगळ्या दिवशी चित्रित केलेले तुकडे. रंगमंचावर तीच वाट, तेच हातवारे, तेच हसू, नटांचा संच आपल्यासमोर खरोखरीच पुन्हा करतो. डोक्यावरून तुतारी नेणारा वादक दुसऱ्या खेपेला अगदी त्याच पावलावर वळतो, तेव्हा प्रेक्षकांत आधी हसू उमटते आणि मग थोडी धास्ती. ही माणसे उद्या रात्री परत येऊन हेच करणार आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. रॉब हॉवेल यांचे नेपथ्य एकमेकांत बसवलेल्या फिरत्या चकत्यांवर आधारलेले होते. घरे, खोल्या, रस्ता, सगळे फिलभोवती घुमत राही. ही यंत्रणा नाजूकही होती. न्यूयॉर्कला मार्च 2017 मध्ये पहिल्याच पूर्वप्रयोगाला ती अडली, खेळ थांबवावा लागला आणि नटांनी उरलेले नाटक मैफलीसारखे उभ्याने गाऊन पुरे केले.

'होप' या गाण्याच्या प्रवेशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण चित्रपटातला प्रसंग आणि रंगमंचावरचा प्रसंग यांतला फरक तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. कंटाळलेला, खचलेला फिल जीव द्यायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी सकाळी सहाला त्याच पलंगावर जागा होतो. चित्रपटात याचे झटपट तुकडे आहेत. आपण हसतो आणि पुढे सरकतो. नाटकात फिल आपल्या डोळ्यांसमोर नाहणीतल्या टबात विजेचा झटका घेऊन मरतो आणि एक-दोन श्वासांच्या आत पलंगावरच्या पांघरुणाखालून वर येतो. पॉल कीव्ह यांनी रचलेली ही हातचलाखी आहे. सारखे दिसणारे बदली नट कुठेतरी गुंतलेले असणार, हे बुद्धीला कळते. तरीही अंगावर काटा येतो, कारण ज्याला मरताना पाहिले तोच समोर धापा टाकत गातो आहे. गाण्यात शब्द आशेचे आहेत आणि अर्थ नेमका उलटा: आशा सोडू नकोस, कदाचित या खेपेला मरण साधेल. मिंचिन यांची लेखणी विनोदी म्हणून ओळखली जाते, पण या ठिकाणी तिने विनोदाचा सांगाडा तसाच ठेवून आत शुद्ध हताशा भरली आहे. प्रेक्षागृहात पहिल्या खेपेला हशा होता, पुढच्या खेपांना तो विरत गेला. दिग्दर्शकाला तेच हवे होते असे मला वाटते.

आता नॅन्सी. चित्रपट पाहिलेल्यांना नॅन्सी टेलर अंधूक आठवत असेल. फिल तिला उपाहारगृहात गाठतो, नाव विचारतो, कोणत्या शाळेत होतीस, इंग्रजीला कोणत्या बाई होत्या, हे विचारून निघून जातो. दुसऱ्या '2 फेब्रुवारी'ला तो तिच्या वर्गातला जुना सोबती असल्याचे नाटक करून तिला फशी पाडतो. यापलीकडे नॅन्सीला त्या कथेत काम नाही. तीस वर्षे आपण त्या प्रसंगावर हसलो आणि ती मुलगी कोण होती, हे आपल्याला विचारावेसे वाटले नाही; चित्रपटानेही ते विचारायला लावले नाही.

मध्यंतरानंतर पडदा उघडतो तो नॅन्सीवर. फिल रंगमंचावर नाही, रिटा नाही. नॅन्सी एकटी उभी राहून 'प्लेइंग नॅन्सी' गाते. आपण कायम कोणाच्यातरी गोष्टीतली देखणी, भोळसट मुलगी असतो. कोणा पुरुषाच्या प्रवासात घडीभराचा विसावा होणे, एवढेच आपल्या वाट्याला यायचे का, असे ती विचारते. गाणे एकाच वेळी दोघींचे आहे: गावातल्या नॅन्सीचे, आणि असल्या भूमिका वाट्याला येणाऱ्या नटीचेही. दुसऱ्या अंकाचा आरंभ ही कोणत्याही संगीत नाटकातली मोक्याची जागा असते. प्रेक्षक चहापाणी करून, गप्पा मारून परतलेले असतात आणि त्यांना पुन्हा आत ओढायला भरघोस समूहगान किंवा नाच ठेवण्याची प्रथा आहे. ती जागा दोन प्रवेशांच्या एका पात्राला, संथ चालीत, एकटीला देणे हे धारिष्ट्याचे काम होते. माझ्या मते या नाटकाचा कणा इथेच आहे. नायकाची शिक्षा कोणती आहे हे पहिल्या अंकात कळते. त्याचा गुन्हा कोणता होता, हे नॅन्सीच्या तोंडून कळते. आणि हे समजल्यावर फिलचे पुढचे बदलणे आपण वेगळ्या कसोटीवर पारखू लागतो. तो पियानो शिकला का, रिटा त्याला मिळाली का, हे प्रश्न मागे पडतात. त्याला समोरचा माणूस माणूस म्हणून दिसू लागला का, एवढेच उरते.

नेड रायर्सनचेही तसेच. चित्रपटातला नेड म्हणजे वैताग आणणारा, मोठ्याने बोलणारा जुना शाळासोबती. फिल एका सकाळी त्याला ठोसा लगावतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. चित्रपटात एक म्हातारा भिकारी आहे, त्याला वाचवायला फिल रात्रीमागून रात्री धडपडतो आणि तो काही केल्या वाचत नाही. नाटकात या मृत्यूच्या टप्प्यावर 'नाइट विल कम' हे गाणे येते, आणि ते गातो कोण, तर नेड. ज्याच्यावर आपण पहिल्या अंकभर हसलो, तो विम्याच्या पॉलिसी विकणारा माणूस शांतपणे सांगतो की रात्र कोणालाच चुकत नाही. विमा विकणाऱ्याला मृत्यूची माहिती असणारच, ही किती सरळ गोष्ट आहे! चित्रपटाला ती सुचली नाही, कारण चित्रपट नेडकडे कायम फिलच्या डोळ्यांनी पाहत होता.

रिटाच्या बाबतीत मला थोडी कमी खात्री वाटते. चित्रपटात तिचे सद्गुण इतके निर्दोष आहेत की ती माणसापेक्षा बक्षीसच जास्त वाटते. मिंचिन आणि रुबिन यांनी तिला पहिल्या अंकाच्या शेवटी 'वन डे' हे दीर्घ गाणे दिले, तिच्या अपेक्षा आणि तिची स्वतःवरची चीड त्यात आणली, आणि थपडांची ती प्रसिद्ध मालिका याच गाण्याच्या पोटात बसवली, हे कसबाचे काम आहे. दुसऱ्या अंकात जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसून दोघे 'इफ आय हॅड माय टाइम अगेन' गातात. असा अमर्याद वेळ आपल्याला मिळाला असता तर काय काय केले असते, याची स्वप्ने रिटा रंगवते आणि फिल आपल्या उचापतींच्या कबुल्या देत जातो. नाटकातले ते सर्वांत प्रसन्न गाणे आहे. तिला फिलच्या शापाचा हेवा वाटतो, ही कल्पना चित्रपटापेक्षा एक पायरी पुढची आहे. तरीही अखेरीस नाटक तिला फिलच्याच उद्धाराच्या वाटेवर परत आणते, आणि नॅन्सीच्या गाण्यानंतर ते मला थोडे खटकते.

'स्टक' या गाण्याविषयीही माझे मत तसेच मिश्र आहे. फिल आपल्या विचित्र व्याधीवर उपाय शोधत वैद्य, मनोविकारतज्ज्ञ, पर्यायी उपचार करणारे अशा नाना लोकांकडे जातो आणि प्रत्येक जण आपापल्या शास्त्राचा खात्रीचा उपाय सांगतो. मिंचिन यांना भोंदू उपचारांची चीड आहे, हे त्यांच्या इतर लेखनावरून सर्वश्रुत आहे, आणि या गाण्यातले यमकांचे कौशल्य थक्क करणारे आहे. पण ती चीड मिंचिन यांची वाटते, पंक्सटॉनीची वाटत नाही. गावातल्या माणसांना माणूसपण देणारे नाटक या एका गाण्यात त्यांना पुन्हा हास्यास्पद पुतळे करून टाकते.

तुलनेसाठी 'द प्रोड्यूसर्स' आठवते. मेल ब्रुक्स यांच्या 1967 च्या चित्रपटावरून 2001 मध्ये झालेल्या त्या नाटकाने ब्रॉडवेवरच्या नाटकांना दिले जाणारे 12 टोनी पुरस्कार मिळवले, हा विक्रम आजही कायम आहे, आणि त्याचे 2,502 प्रयोग झाले. पण त्या कथेतच नाटक कंपनी होती, निर्माते होते, नाटकातले नाटक होते. गाणे येण्याला कारण शोधावे लागत नव्हते. 'ग्राउंडहॉग डे'च्या कथेत गाण्याला काहीच निमित्त नाही. तिथल्या प्रत्येक गाण्याला आपली जागा कमवावी लागली आहे, आणि म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

व्यवसायाने हे मोल मान्य केले नाही. लंडनमध्ये 2017 च्या एप्रिलमध्ये त्याला सर्वोत्तम नव्या संगीत नाटकाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, फिलची भूमिका करणारे अँडी कार्ल यांनाही मिळाला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये पूर्वप्रयोग चालू असताना एका उडीत कार्ल यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो प्रयोग त्यांनी काठी टेकत पुरा केला आणि तीन दिवसांनी, 17 एप्रिलला, शुभारंभाला गुडघ्यावर आधारपट्टा बांधून ते उभे राहिले. ही भूमिका जवळजवळ सतत धावपळीची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीची किंमत कळते. टोनीची 7 नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही, आणि 17 सप्टेंबरला, बरोबर पाच महिन्यांनी, ब्रॉडवेवरचा खेळ थांबला. फिरत्या चकत्यांचे खर्चिक नेपथ्य आणि मोठा संच रोज उभा करायचा तर पाच महिन्यांत पैसे वसूल होणे कठीणच. प्रसिद्ध चित्रपटाचे नाव तिकिटे खपवते, हा आरंभी सांगितलेला हिशेब इथे सपशेल चुकला. उलट मला असे वाटते की नावानेच नुकसान केले. चित्रपटावर प्रेम करणारे लोक परिचित विनोद ऐकायला आले आणि त्यांच्यासमोर नॅन्सी येऊन उभी राहिली. आणि ज्यांना नॅन्सी भावली असती, त्यांतले पुष्कळ जण अशी चित्रपटावरची नाटके पाहायला जातच नाहीत.

तरी नाटक संपले नाही. ओल्ड व्हिकने 2023 मध्ये ते कार्ल यांनाच घेऊन परत आणले, 2024 मध्ये ते मेलबर्नला गेले. आपल्याकडे ते कधी येईल याची आशा धरवत नाही, पण ब्रॉडवे संचाचे ध्वनिमुद्रण सहज ऐकता येते. ज्यांना उत्सुकता वाटते त्यांनी आधी चित्रपट पाहावा, निदान नॅन्सीचा आणि नेडचा प्रसंग तरी पुन्हा पाहावा, आणि मग ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून न ऐकता 'प्लेइंग नॅन्सी'पासून लावावे. पहिल्या अंकातली 'देअर विल बी सन' आणि 'स्मॉल टाऊन यूएसए' ही दोन गाणी त्यानंतर ऐकली, तर गावकऱ्यांच्या ज्या उत्साहाची फिल टर उडवत असतो, त्यातले शब्द आधीच किती जपून लिहिलेले आहेत, ते कळेल.